साताऱ्याजवळ कच्च्या वाटांवर बाइक: जायचं कुठे, टायरात हवा किती, चढावर गाडी अडली तर काय?

करंजे_नाका

मंडळी, नमस्कार.

आम्ही पाच जण, सगळे साताऱ्यातलेच. तीन एक्सपल्स २०० ४व्ही, एक हिमालयन ४११ आणि एक स्प्लेंडर. घाटातलं डांबर सगळ्यांच्या हातातलं आहे, यवतेश्वर म्हणा, पसरणी म्हणा, केळघर म्हणा. कच्च्याचा सराव मात्र शेतापर्यंतच्या पाणंदीएवढाच. दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी निघायचं आणि दुपारी जेवायला घरी, असं चार-पाच तासांचं ठरवतोय.

कास, ठोसेघर, बामणोलीच्या बाजूला रानात शिरणाऱ्या वाटा दिसतात. त्यांवर गाडी घातलेली चालते का? नसेल चालत तर जायचं कुठे? टायरात हवा किती ठेवायची? कंपनीच्या आकड्यावर दगडात गाडी नुसती उडते. उभ्या चढावर मध्येच बंद पडली की मागे घसरायला लागते, तिथे नेमकं काय करायचं? आणि पाच जणांत मिळून सामान काय न्यावं? स्प्लेंडरवाल्याला घ्यायचं की नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत, तेही एकदा मिटवा.

रानवाट_जावळी

आधी जागेचं बोलू. वाट दिसली म्हणजे ती गाडीची झाली असं नाही. कासचं पठार आणि त्याच्या आजूबाजूचं बरंच रान राखीव वन आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच मुळात गुन्हा, गाडी असो वा नसो. बामणोलीपासून पुढे शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडे कोयना अभयारण्य आहे. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो, परवानगीशिवाय पायीसुद्धा जाता येत नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्यांचे रस्ते रुंद आणि मोकळे दिसतात म्हणून बरेच जण तिकडे वळतात. ते रस्ते देखभालीच्या गाड्यांसाठी केलेले आहेत. रस्ता रिकामा दिसला म्हणून आत घुसू नका.

सड्याबद्दल, म्हणजे कातळाच्या पठाराबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण नुकसान तिथे होतं आणि करणाऱ्याला कळतही नाही. दिवाळीनंतर फुलं संपतात, सडा वाळून करडा पडतो, आणि वाटतं की आता इथे बिघडण्यासारखं आहेच काय. एकदा गुडघे टेकून बघा. खाली जांभ्याचा कातळ आणि वर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. पुढच्या पावसाळ्याचं सगळं बी आणि कंद त्या बोटभर मातीत असतात. सड्यावरच्या उथळ डबक्यात वायतुरा येतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. डबकं आटलं की कंद तिथल्याच गाळात सुप्त पडून राहतो. नक्षीदार टायर त्यावरून एकदा गेला की माती भुसभुशीत होते, वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जाते आणि खाली उघडा कातळ राहतो. ती माती परत साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे, ते याच बोटभर मातीमुळे. तेव्हा सड्यावर चाक नको, कोणत्याच महिन्यात नको.

आता जायचं कुठे. पाणंदी, शिवरस्ते आणि वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते धरा. परळी खोऱ्यात आणि मेढ्याच्या आसपास असे रस्ते भरपूर आहेत. दोन्ही अंगांना रान, मध्ये दगड, खडी, चढ-उतार, सगळं मिळतं. रस्ता सार्वजनिक आहे का हे गाव नकाशावरून कळतं: गाडीरस्ता तुटक दुबार रेषेने दाखवलेला असतो, पायवाट एकेरी तुटक रेषेने. एकेरी रेषेच्या वाटेवर गाडी घालू नका. शंका आली तर त्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढा. भोगवटादाराच्या जागी वन विभागाचं नाव दिसलं की विषय संपला. वनातून जाणाऱ्या एखाद्या वहिवाटीच्या रस्त्यानेच जायचं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, गाड्यांचे नंबर आणि कुठून कुठे जाणार ते लिहा. तोंडी "जा की" वर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी गस्तीवर दुसरा वनरक्षक असतो.

वाडीतून जाताना पहिला गिअर आणि पायी चालणाऱ्याचा वेग. गुरं समोरून आली की बाजूला थांबून इंजिन बंद करा. गुराखी हातवारे करेपर्यंत चालू ठेवू नका, कारण एक जनावर बिथरलं की सगळा कळप खाली बांधावरून उतरतो. काटेरी कवाड लावलेलं असेल तर लावूनच पुढे जा, उघडं असेल तर उघडंच सोडा. सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. गावाने एकदा रस्ता बंद केला की तो सगळ्यांसाठीच बंद होतो, आणि बहुतेक वेळा त्याला कारण आवाज हेच असतं.

पाना_१४

हवेचं सांगतो. तुमच्या सगळ्या स्पोकच्या गाड्या ट्यूबवाल्या आहेत हे लक्षात ठेवून वाचा.

एक्सपल्सला कच्च्यावर पुढे २० ते २२ पीएसआय, मागे २२ ते २४. हिमालयन जवळजवळ २०० किलोची, एक्सपल्सपेक्षा ४० किलो जड, म्हणून तिला दोन्हीकडे २ पीएसआय जास्त. स्प्लेंडरचे टायर अरुंद असतात, तिथे कंपनीच्या आकड्यापेक्षा ३ पीएसआयच्या वर उतरवू नका. हे आकडे टायर थंड असतानाचे. स्वतःचा गेज घ्या, प्रत्येक पंपाचा गेज वेगळा दाखवतो. पाचही गाड्या एकाच गेजवर मोजा.

हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, तो दगडाभोवती थोडा वळतो आणि पकड येते. पण फार उतरवली की दोन गोष्टी होतात. पहिली: धारदार दगडावर जोरात आदळलं की टायर पूर्ण दबून ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर समजायचं की हवा कमी होती, काटा शोधत बसू नका. दुसरी: ब्रेक किंवा थ्रॉटल दिला की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. अशी फाटलेली ट्यूब पॅच लावून चालत नाही, फेकावीच लागते. यावर खूण सोपी आहे. व्हॉल्व्हच्या बुडातला नट रिमला घट्ट आवळू नका, वर कॅपला टेकवून ठेवा. मग व्हॉल्व्ह तिरका झाला की लगेच डोळ्यांना दिसतो. तिरका दिसला की हवा काढा, टायर हाताने मागे फिरवून व्हॉल्व्ह सरळ करा आणि ३ पीएसआय वाढवा.

परत डांबरावर आलात की हवा भरा, आळस नको. कमी हवेवर ७०-८० चा वेग धरला की टायर सारखा दुमडून तापतो आणि ट्यूबचा जुना पॅच सुटतो. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर एकाकडे आणि पायपंप दुसऱ्याकडे असू द्या.

ट्यूब बदलणं घरी अंगणात एकदा करून बघा. रानात पहिल्यांदाच करायला गेलात तर तास जातो आणि नवी ट्यूब लिव्हरने फाटते. मेन स्टँड नसलेली गाडी साइड स्टँडवर लावा, विरुद्ध बाजूला स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) दणकट दांडकं तिरपं लावून मागचं चाक उचला आणि पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधा. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमपासून सुटत नसेल तर चाक आडवं ठेवून दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड कडेवर टेकवा आणि ती गाडी त्या बाजूला हळू कलवा, कड खाली बसते. मग लिव्हर. इथे बहुतेकांचं चुकतं. ज्या जागी लिव्हर घालता तिच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. तेवढं केलं की इकडे ढील मिळते आणि ताकद लागत नाही. ताकद लागतेय म्हणजे समोरची कड वर आलेली आहे. एका वेळी दोन बोटं एवढाच घास घ्या.

ट्यूब काढली की टायरच्या आतून बोटं फिरवा, पण हळू, काटा आतच असतो. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात आकार येण्यापुरती थोडी हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. थोडी टाल्कम पावडर लावा. शेवटचा घास नेहमी व्हॉल्व्हपाशी येऊ द्या आणि त्या वेळी व्हॉल्व्ह आत ढकलून धरा, नाहीतर कड त्याच्या बुडाखालच्या रबरावर बसते.

सामान पाच जणांत वाटून घ्या. २१ इंची ट्यूब दोन, १८ इंची एक. अडचणीला २१ ची ट्यूब मागच्या १८ किंवा हिमालयनच्या १७ च्या चाकातही बसते. तिला घडी पडते, पण हळू चालवत घरी आणते. ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवा, डिक्कीत हत्यारांना घासून भोक पडतं. टायर लिव्हर तीन, पॅच आणि सोल्युशन, तुमच्या प्रत्येक गाडीच्या दोन्ही एक्सलला बसणारे पाने, क्लच आणि ब्रेकचं एकेक लिव्हर, क्लच वायर, चेनची जोडकडी, एम-सील, प्लास्टिक टाय २०-२५, बांधायची तार, डक्ट टेप, एक इंच रुंद पाच मीटरचा ओढपट्टा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की महिन्याभरात आत वाळते. दर वेळी दाबून बघा.

निघण्याआधी गाडीवर अर्धा तास द्या. क्लच आणि ब्रेकच्या पर्चचे (लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) बोल्ट किंचित ढिले ठेवा, हाताने जोर लावला तर फिरेल एवढे. पडल्यावर लिव्हर फिरतं, तुटत नाही. खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले की फिरणं सोपं जातं. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर ढील हवीच. चेनची ढील मॅन्युअलमधल्या जास्तीच्या आकड्याला ठेवा आणि कोणीतरी सीटवर बसलेलं असताना पुन्हा बघा. सस्पेन्शन दबलं की चेन ताणते, घट्ट चेन दगडात तुटते किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. स्पोक पान्याने टिचकी मारून ऐका: घट्ट स्पोक टणटणतो, ढिला भद्द वाजतो.

स्प्लेंडरचं माझं मत असं की घ्या. ११२ किलोच्या आसपासची गाडी, अडकली तर एकटा माणूस उचलतो. जमिनीपासून उंची १६५ मिलिमीटर, एक्सपल्सची २२०. म्हणजे रस्त्याच्या दोन चाकोऱ्यांमधला दगड इंजिनच्या बुडाला लागणार. खाली जाड पत्र्याची प्लेट (बॅश प्लेट) ठोकून घ्या, पण ऑइल काढायच्या बोल्टाला भोक ठेवा. आणि वाट त्या गाडीला झेपेल अशीच निवडा, बाकी चौघांना त्यातही शिकायला भरपूर आहे.

कोरेगावकर

पानाभाऊंच्या आकड्यांशी पश्चिमेपुरता सहमत आहे. इकडे पूर्वेला, कोरेगाव-खटाव-माणच्या बाजूला, एक्सपल्सला मागे २५-२६ च ठेवा. इथला दगड बेसाल्टचा, सुटा आणि कोपऱ्यांना धारदार. जांभ्यासारखा झिजून गोल झालेला नसतो, त्यामुळे ट्यूब चिमटायचं प्रमाण जास्त. दुसरं, बाभूळ. बाभळीचा काटा टायरात मोडतो, टोक आतल्या अंगाला राहतं आणि एक पंक्चर काढून शंभर मीटर गेलात की त्याच भोकात दुसरं होतं. आतून बोट फिरवून सापडलं नाही तर कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकतो तिथे काटा आहे. तो चिमट्याने आतून ओढा, बाहेरून ढकलू नका.

शिकायला मात्र हीच बाजू चांगली. वर्धनगडाच्या आजूबाजूला आणि खटावच्या बाजूच्या डोंगरपायथ्याला गाडीरस्ते मोकळे आहेत, पुढचं लांबून दिसतं, घसरण कमी आणि मुरूम पकड देतो. पण माळ रिकामा दिसला म्हणून रस्ता सोडून आडवे जाऊ नका. गेल्या काही वर्षांत पाणलोटाच्या कामात इथल्या उतारांवर समतल चर खणलेत, दीड-दोन फूट खोल, एकाखाली एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं आणि चर अजिबात दिसत नाही. पुढचं चाक त्यात गेलं की गाडी जागेवर थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. शिवाय चराचा बांध फुटला तर तिथलं पाणी पुढच्या पावसात मुरत नाही. लोकांनी हाताने खणलेलं काम आहे ते. तिसरी गोष्ट म्हणजे यातला बराच माळ वन विभागाचाच आहे, झाडं नाहीत म्हणून वन नाही असं समजू नका.

धरणांच्या कडेबद्दलही सांगून ठेवतो, कारण फोटोसाठी सगळे तिकडे वळतात. उरमोडी, कण्हेर, शिवसागर, कुठेही पाणी उतरलं की गाळाची कड उघडी पडते. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते. ती पपडी दोन-चार इंचांची, खाली लोण्यासारखा गाळ. गाडी एक्सलपर्यंत बसते, आणि थ्रॉटल दिला की आणखी खाली जाते. बसलीच तर इंजिन बंद करा, गाडी सरळ आडवी पाडा. चाक खड्ड्यातून वर येतं. खड्ड्यात दगड आणि फांद्या भरा, गाडी उभी करा आणि पहिल्या गिअरला बाजूने चालत, ओढपट्टा पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला लावून दोघांनी ओढत काढा. पट्टा हँडलला लावू नका. आणि पाणी उतरल्यावर त्या कडेला लोक पिकं घेतात, उगवण लहान असते, लांबून दिसत नाही.

काळ्या रानातून पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जाऊच नका. चिकण माती मडगार्डमध्ये भरते आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं.

चढ_उतार

चढाचं लिहितो. पाचांपैकी एकाला जरी हे येत नसेल तर त्या दिवशी चढ सोडून द्या.

चढाला लागण्याआधी पायी वर जाऊन या. वर थांबायला जागा आहे का, मध्ये पायरी आहे का, आणि अडलो तर कुठे आडवं होता येईल, एवढं बघा. गिअर खाली असतानाच निवडा, शक्यतो दुसरा, फार उभा असेल तर पहिला. मध्ये गिअर बदलायला गेलात की गती मरते. उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, छाती हँडलच्या वर आणा. नजर वर, जिथे पोचायचं तिथे. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं. एक गाडी वर पोचून बाजूला होईपर्यंत दुसरीने खालून निघायचं नाही, आणि खाली उभं राहणाऱ्याने चढाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

आता गाडी मध्ये बंद पडली. हात लगेच क्लचवर जातो आणि तिथेच घात होतो. क्लच दाबला की मागचं चाक मोकळं सुटतं. पुढच्या ब्रेकने गाडी थांबत नाही, कारण चढावर वजन मागे गेलेलं असतं आणि पुढचं चाक कुलूप होऊनही घसरतं. म्हणून:

इंजिन बंद पडू द्या, गिअरमध्येच राहू द्या, क्लच पूर्ण सोडा. इंजिनचं कॉम्प्रेशन मागचं चाक धरून ठेवतं. सोबत पुढचा ब्रेक. दोन्ही पाय खाली, श्वास घ्या. इग्निशन बंद करा.

मग क्लच हाच मागचा ब्रेक समजायचा. पुढचा ब्रेक थोडा सोडा, क्लच अर्धा दाबा, गाडी वीतभर मागे येते. क्लच सोडा, थांबते. असं वीत-वीत मागे येताना हँडल डावीकडे वळवून ठेवा. मागचं चाक डावीकडे जातं, गाडीचं तोंड उजवीकडे होतं आणि ती उताराला आडवी येते. आता चढ तुमच्या डाव्या हाताला आहे, डावा पाय जवळच टेकतो, उतरायचं तर डावीकडेच उतरता येतं. उजव्या बाजूला पाय टाकू नका, तिकडे जमीन खाली आहे. साइड स्टँडही लावू नका. ते चढाच्या बाजूला येतं, गाडी सरळ उभी राहते आणि उताराकडे कलंडते. मग पुढचं चाक हळूहळू उताराकडे वळवा, गाडी सरळ खाली तोंड करून आली की पहिला गिअर, क्लच सोडलेला, आणि खाली. सपाटीवर तिघं मिळून पाच वेळा हे करा, मग छोट्या उतारावर.

गाडी मागे धावायला लागली आणि हाताबाहेर गेली तर ती चढाच्या बाजूला आडवी पाडा आणि स्वतः चढाच्या बाजूला राहा. लिव्हर तुटेल, तुटू द्या.

एकाच चढावर तीन वेळा अर्ध्या क्लचवर झटलात की करपल्याचा वास येतो आणि लिव्हरची ढील बदलते. तिथे थांबून १५ मिनिटं इंजिन गार होऊ द्या. क्लच प्लेटा गेल्या तर गाडी रानातून टेम्पोशिवाय येत नाही.

उतारावर पहिला गिअर, क्लचला हात नाही, शरीर मागे, मागचा ब्रेक मुख्य आणि पुढचा एका बोटाने. क्लच दाबून उतरणं ही नव्यांची सगळ्यात मोठी चूक.

आणि रांग अशी लावा: पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या मागे सगळ्यात नवा, शेवटी हत्यारं आणि अनुभव असलेला. प्रत्येकाने फाट्यावर मागच्याची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला की कोणी हरवत नाही. रेंज नसली तरी चालतं.

करंजे_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्लेंडर येणार हे ठरलं. सुरुवात वर्धनगडाच्या बाजूने करतो आणि गाव नकाशा काढायला टाकतो.

दोन गोष्टी राहिल्या. ओढा ओलांडताना पाणी किती चालतं, आणि एबीएसचं (ब्रेक लावल्यावर चाक कुलूप होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काय करायचं? तिन्ही एक्सपल्सपैकी दोन २०२३ च्या आधीच्या आहेत.

पाना_१४

आधी पायी ओलांडा, हातात काठी घेऊन. वाहतं पाणी असेल तर पोटरीच्या मध्यापर्यंत. साचलेलं असेल आणि तळ कडक असेल तर गुडघ्याच्या खाली. खाली शेवाळलेला सपाट कातळ असेल तर एक फूट पाण्यातही गाडी घसरते, तिथे गाडीच्या बाजूने चालत पहिल्या गिअरला न्या आणि दुसऱ्याने मागचं कॅरियर धरा. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये सोडायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभर मीटर चालवा, पॅड वाळतात.

गाडी पाण्यात पडली आणि इंजिन बंद झालं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका सेल्फने इंजिन खोलायची पाळी येते. गाडी बाहेर ढकला, एअर फिल्टर काढून बघा. फिल्टर आणि त्याचा डबा आतून कोरडा असेल तर बहुतेक वाचलात. ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, प्लग कॅपमध्येच ठेवून भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवा, आणि मग सेल्फ मारा. पाण्याचे फवारे प्लगच्या भोकातून निघतील, सोबत पेट्रोलही येतं, तेव्हा तोंड आणि विडी दोन्ही लांब. फवारे थांबले की ऑइल बघा. ऑइल बघायच्या काचेत दुधाळ चहासारखं दिसलं तर इंजिन चालू न करता ओढून न्या आणि ऑइल-फिल्टर बदला. प्लगचा पाना वर यादीत लिहायचा राहिला, तो घ्याच.

चढ_उतार

एबीएस. आधीच्या एक्सपल्सना फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक तुमच्या पायावर. त्यामुळे उतारावर अडचण कमी, फक्त सुट्या खडीत पुढचा ब्रेक जोरात धरला तर एबीएस सोडतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे जात राहते. म्हणून तिथे मागच्यावर भर. २०२३ पासूनच्या गाडीला रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोड आहेत. ऑफ-रोडवर ठेवा, रॅलीत एबीएस पूर्ण बंद होतं, ते सराव झाल्यावर. हिमालयन ४११ ला २०२० पासून मागचं एबीएस बंद करायचं बटण आहे, तुमची त्याआधीची असेल तर नाही. इग्निशन बंद करून परत चालू केलं की ते पुन्हा चालू होतं. चहाला थांबून पुढे उताराला लागण्याआधी डॅशवरचा दिवा बघा.

रानवाट_जावळी

राहिलेलं थोडं.

सूर्योदयानंतरच रानाच्या कडेला पोचा. पश्चिमेला पहाटे आणि सांजेला गवे रस्त्यावर असतात. दिसला तर ५० मीटरवर थांबा, हॉर्न नको, वाट बघा. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं की खाली थांबू नका आणि इंजिन घोंगावत ठेवू नका. माशा उठल्याच तर हेल्मेटची काच खाली, हात न हलवता सरळ लांब निघून जा, गाडी तिथेच सोडावी लागली तरी.

फेब्रुवारीपासून गवत पूर्ण वाळतं. बॅश प्लेट आणि सायलेन्सरच्या मध्ये गवत दाबून बसतं आणि तापून पेटतं. प्रत्येक थांब्यावर काठीने काढा, आणि उंच वाळल्या गवतात गाडी उभी करू नका. वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे.

पाय सायलेन्सरखाली आला तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नको. साप चावला तर बांधू नका, कापू नका, पाय हलू न देता थेट जिल्हा रुग्णालय. रेंज मिळेल तिथून १०८. मानेला मार असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. टाकी साताऱ्यातूनच भरून निघा, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढात एव्हरेज निम्म्यावर येतं.

आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात. कोरेगाव रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, आणि शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरची ओली माती डांबरावर पसरलेली असते. तुमच्या टायरातही चिखल भरलेला असणार. डांबराला लागलात की पहिला किलोमीटर हळू काढा, ट्रॉलीला उजवीकडून जाताना समोरचं पूर्ण दिसेपर्यंत मागेच राहा, आणि अंधार पडायच्या आत गावात या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो.